वसंताची काटेरी यादी

माघ वद्य नवमीला सज्जनगडावर दासनवमीचा उत्सव असतो. साताऱ्याहून गड सुमारे पंधरा किलोमीटर. पहाटे निघालेला माणूस ऊन तापायच्या आत पायऱ्यांशी पोहोचतो. भाविक समाधीच्या दर्शनासाठी चालतात. आम्ही काही शिक्षक-विद्यार्थी गेली काही वर्षे त्या दिवसांत आणखी एका कारणासाठी ही वाट धरतो. फाल्गुन तोंडावर आलेला असतो आणि वसंताच्या पहिल्या खुणा वाटेवरच भेटतात.

या खुणा आम्ही वर्गात शिकवतो तशा मात्र नसतात. वर्गातला वसंत संस्कृत काव्याकडून आला: आम्रमंजिरी, कोकिळ, मलयवायू. त्यात पुढे इंग्रजी कवितेतला, बर्फ वितळल्यावर येणारा हिरवा वसंत मिसळला. आंब्याला मोहर इथेही येतो, कोकिळही ओरडतो. पण साताऱ्याच्या डोंगरांवर या दिवसांत हिरवे फारसे उरलेले नसते. गवत वाळलेले, मधेच वणव्याने काळवंडलेला एखादा उतार, आणि त्या उजाड रानात पान नसलेली काटेसावर लाल फुलांनी भरलेली. पाठोपाठ पांगारा आणि पळस फुलतात. पाने गाळून झाड पाणी वाचवते, आणि मधासाठी येणाऱ्या पाखरांना उघड्या फांद्यांवरची फुले दुरून दिसतात. पाणी आटत असताना फुलणे हा आमच्या वसंताचा स्वभाव आहे.

या रानाची नावे मराठी काव्यात कोठे सापडतात, असा प्रश्न पडला तेव्हा उत्तर गडावरच होते. समर्थ रामदास १६७६ मध्ये परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या सज्जनगडावर, राहावयास आले आणि १६८२ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे 'बागप्रकरण' नावाचे एक लहानसे प्रकरण आहे. त्यात वर्णन जवळजवळ नाही. आहे ती वनस्पतींच्या नावांची रांग. आणि त्या रांगेचा आरंभ चंदन-चाफ्याने न होता खैर, हिवर अशा काटेरी झाडांनी होतो! आम्हीही ते अनेक वर्षे 'नुसती यादी' म्हणून बाजूला ठेवले होते. पण झाडाचे नाव त्यालाच येते जो त्याच्यापाशी थांबला. परंपरा समर्थांची बारा वर्षांची पायी भ्रमंती सांगते; ही यादी अशा चालणाऱ्या माणसाची स्मृती आहे, असे आता आम्हास वाटते. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' (१९५६) मध्ये एकेका मराठी महिन्याला धरून निसर्ग न्याहाळला, त्याच्या मागेही हेच थांबणे आहे.

एका वर्षी बरोबरच्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, यातला हिवर कोणता?" आम्हाला सांगता आले नाही. बांधावर शेळ्या राखणाऱ्या एका आजींनी काठीने बाभूळ दाखवली आणि म्हणाल्या, "हिवर हिच्यावाणीच, पर साल पांढरी." सतराव्या शतकातील शब्दाचा अर्थ कोशाआधी त्यांच्यापाशी होता.

सज्जनगडाखालची उरमोडी कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे सांगलीला जाते. आमची दुसरी फेरी तिकडची असते: सांगलीहून हरिपूरला, चिंचेच्या झाडांच्या रस्त्याने, कृष्णा-वारणेच्या संगमावरील संगमेश्वराच्या देवळापर्यंत. हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे (१८५५-१९१६) गाव. १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेले त्यांचे 'शारदा' आम्ही शिकवतो. हरिपूरची माती शिकवत नाही. या मातीत खोल पेवे खणून हळद साठवीत असत. माघ-फाल्गुनात या भागात हळद काढतात, शिजवतात आणि वाळत घालतात. वाफाळत्या हळदीचा उग्र, मातकट वास हाच इथल्या वसंताचा गंध. २००५च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि त्यांची मोठी हानी झाली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मात्र आपल्या लेखणीतून रोज उतरतो. तो वापरणाऱ्या आपल्यापैकी पेव पाहिलेले किती?

प्रश्न केवळ निसर्गप्रेमाचा नाही. महामार्ग रुंद होताना रस्त्याकडेचे जुने वृक्ष गेले, हे साताऱ्यापासून कराडपर्यंत अनेकांनी पाहिले आहे. झाड गेले की काही वर्षांनी त्याचे नाव जाते, आणि नाव गेले की जुन्या ग्रंथातील तेवढी जागा वाचकापुरती बंद होते. तळटीप तिथे अर्थ देते, ओळख देत नाही. मध्ययुगीन मराठी वाचणाऱ्याला म्हणूनच कोशाइतकीच पायांची गरज आहे, असे आम्ही म्हणू.

येत्या दासनवमीला 'बागप्रकरण' आम्ही वाटेवरच वाचणार आहोत. जे झाड भेटेल त्याच्या नावापुढे खूण करायची, एवढाच नियम. बरीच नावे कोरी राहतील, याची कल्पना आहे. त्यांच्यासाठी त्या आजींना पुन्हा शोधावे लागेल.