कोंबडीचे लेप्टिन: एका हरवलेल्या संप्रेरकाचा इतिहास

शरीरातील ऊर्जेचा साठा आणि प्रजनन यांचा संबंध शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उपाशी कोंबडी अंडी देणे थांबवते. ब्रॉयलरच्या पैदाशीसाठी ठेवलेल्या कोंबडीला मात्र पोटभर खाऊ दिले, तर तिच्या अंडाशयात एकाऐवजी दोन-दोन बीजपुटके एकाच वेळी पक्व होतात, दोन बलकांची अंडी येतात आणि पिलांची संख्या घटते. म्हणून या कोंबड्यांना मोजूनमापून खाद्य देतात आणि त्या आयुष्यातील बराच काळ भुकेल्या राहतात. तेव्हा प्रश्न असा की, शरीरात मेद किती साठला आहे हे अंडाशयाला कळते कसे?

सस्तन प्राण्यांपुरते एक उत्तर १९९४ मध्ये मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या एका वाणातील बिघडलेले जनुक शोधले. त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाला लेप्टिन हे नाव मिळाले. मेदपेशी ते रक्तात सोडतात आणि मेंदू त्यावरून साठ्याचा अंदाज घेतो. या वाणाच्या माद्या वांझ असतात. १९९६ मध्ये लेप्टिन टोचून त्यांची प्रजननक्षमता परत आणता आली. एकाच रेणूने भूक आणि गर्भधारणा यांची सांगड घातली होती. साहजिकच कुक्कुटशास्त्रज्ञांच्या आशा उंचावल्या.

१९९८ मध्ये कोंबडीचे लेप्टिन जनुक सापडल्याचे जाहीर झाले. पण त्याचा क्रम उंदराच्या जनुकाशी ९५ टक्क्यांच्या आसपास जुळत होता. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे वंश ३० कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले आहेत, त्यामुळे हे साम्य संशयास्पद होते. इतर प्रयोगशाळांना ते जनुक कोंबडीत सापडेना, आणि १९९९ मध्येच छापील आक्षेप आला. पुढे मासा आणि बेडूक यांची लेप्टिने मिळाली, ती सस्तन प्राण्यांपेक्षा खूपच वेगळी निघाली. २००४ मध्ये रानकोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यातही लेप्टिन नव्हते. मजा अशी की लेप्टिनचा ग्राही कोंबडीत होता आणि तो कामही करत होता. कुलूप आहे, किल्ली नाही!

इकडे प्रयोग चालूच होते. उपाशी कोंबड्यांना लेप्टिन टोचल्यास अंडाशयावरील उपासाचा दुष्परिणाम सौम्य होतो, असे २००३ मध्ये दिसले. हा निष्कर्ष मला आजही खोटा वाटत नाही, कारण ग्राहीला जुळणारा रेणू बाहेरून दिला तर परिणाम दिसणारच. पण त्यावरून कोंबडीच्या रक्तात तोच संदेश फिरतो असे म्हणणे म्हणजे, आमच्या भाषेत, टेस्ट सिग्नललाच मूळ सिग्नल समजणे.

कोंडी २०१४ मध्ये फुटली. कबूतर, झेब्रा फिंच, ससाणा अशा पक्ष्यांत खरे लेप्टिन जनुक सापडले. २०१६ मध्ये कोंबडी आणि बदक यांचेही मिळाले. ते इतकी वर्षे का लपले? त्यात ग्वानीन आणि सायटोसीन यांचे प्रमाण फार जास्त आहे. असे तुकडे पीसीआरमध्ये नीट वाढत नाहीत आणि क्रमवाचनातही गळून पडतात. म्हणजे उणीव कोंबडीत नव्हती, मोजमापाच्या साधनात होती.

पण शेवट अपेक्षेप्रमाणे झाला नाही. कोंबडीत हे जनुक मेदपेशींत जवळजवळ व्यक्तच होत नाही. मेंदूसारख्या काही अवयवांत ते चालते, तेही बहुधा शेजारच्या पेशींपुरते. उंदरातला ‘साठा भरला’ असा रक्तातून जाणारा निरोप इथे नाही. मग अंडाशयाला बातमी देते कोण? इन्सुलिन, इन्सुलिनसदृश वाढघटक, थायरॉइडची संप्रेरके अशी बरीच नावे पुढे आहेत. यांतली काही आईकडून बलकात उतरतात. भ्रूणाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करू लागण्याआधी बलकातील थायरॉक्सिनच त्याला उपलब्ध असते. विसाव्या दिवसाच्या सुमारास, पिलू कवच फोडू लागते तेव्हा, त्याच्या रक्तातील ट्रायआयडोथायरोनिन झपाट्याने वाढते आणि फुफ्फुसांनी श्वास घेण्याची तयारी पूर्ण होते. यातल्या प्रत्येकाचा वाटा किती, हे मोजण्याचे काम अजून चालू आहे, आणि पैदाशीच्या कोंबडीचे खाद्य अजूनही तराजूवरच ठरते.