जखमेचे मोल

मराठी गद्याच्या इतिहासात कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीस मानाचे स्थान आहे. ही बखर महाराष्ट्रात लिहिली गेली नाही. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, इ. स. १६९७ च्या सुमारास, ती तमिळ मुलुखातील जिंजीस लिहिली गेली. नोकरीनिमित्त याच मुलुखात दिवस काढणाऱ्या आम्हां मंडळींस ही गोष्ट आठवली म्हणजे थोडा धीर येतो. परमुलुखी बसून लिहिलेले कागदही कधी कधी टिकतात. या बखरीत प्रतापगडच्या युद्धानंतरची एक हकीकत आहे. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांस महाराजांनी चालविले. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निम्मे वेतन बांधून दिले. आणि जे जखमी झाले त्यांस, जखमेचे मान पाहून, दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले.

या हकीकतीतून महाराजांचे औदार्य दिसते, हे तर खरेच. परंतु आम्हांस तीत आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे जखमेची प्रतवारी. कोणती जखम किती होनांची, हे कोणीतरी पाहिले, ठरविले आणि टिपून घेतले. देहाच्या हानीचे मोल आकड्यांत मांडण्याची ही रीत आमच्या दप्तरखान्यास नवी नाही. या लेखात विचार करावयाचा आहे तो त्यापुढचा: होन हाती पडल्यानंतर त्या जखमी माणसाने करावे काय?

हा प्रश्न सुचला तो इरुंगाट्टुकोट्टै या गावामुळे. चेन्नईहून बेंगळूरुकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, रामानुजाचार्यांचे जन्मस्थान जे श्रीपेरुंबुदूर त्याच्या अलीकडे, हे गाव लागते. तमिळमधील कोट्टै म्हणजे आपला कोट. आज तेथे तट-बुरूज शोधू गेल्यास कारखान्यांच्या भिंती तेवढ्या दृष्टीस पडतात. शासनाची औद्योगिक वसाहत, १९९६ मध्ये पायाभरणी होऊन १९९८ पासून गाड्या बाहेर काढू लागलेला हुंदाईचा कारखाना, शर्यतीच्या मोटारींचा मार्ग आणि भोवती सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखाने असा तो सारा पसारा आहे. जेथे पत्रा कापला, वाकविला आणि ठोकला जातो तेथे माणसाच्या बोटांस भय असते. हे अमुक एका कारखान्याचे दूषण नव्हे. चाकण असो, गुडगाव असो, की हा श्रीपेरुंबुदूरचा पट्टा असो, प्रेस नावाचे यंत्र पत्रा आणि बोट यांत भेद करीत नाही.

बोट गेले तर कायदा काय म्हणतो? आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. पुढे १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्या योजनेस आरंभ झाला. या कायद्यांस एक परिशिष्ट जोडलेले आहे. अंगठा गेल्यास उपार्जनक्षमतेची हानी ३० टक्के. तर्जनी समूळ गेल्यास १४. मधले बोट गेल्यास १२. अनामिका वा करंगळी गेल्यास प्रत्येकी ७. एका हाताची चार बोटे गेल्यास ५०. आणि अंगठ्यासह पाचही गेल्यास ६०. या तक्त्यात न बसणाऱ्या हानीचा टक्का वैद्यांनी ठरवावयाचा. आम्ही कारकुनी पेशाची माणसे. असा तक्ता पाहिला म्हणजे आमचे चित्त स्वस्थ होते. सभासदाने सांगितलेल्या होनांच्या पायऱ्याच येथे टक्क्यांचे रूप घेऊन आल्या आहेत. हा तक्ता नसता तर गरीब कामगार मालकाच्या मर्जीवर राहिला असता, म्हणून त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि तक्ता गेलेल्या बोटाचा हिशेब करतो. उरलेल्या हाताचा करीत नाही. महाभारतकारास हा भेद ठाऊक होता. एकलव्याने अंगठा कापून दिला, येथेच कथा संपते असे आपण समजतो. आदिपर्वात मात्र पुढची ओळही आहे: उरलेल्या बोटांनी त्याने बाण सोडून पाहिला, पण पूर्वीची चपळाई राहिली नव्हती. त्याला नवी रीत शिकवावी, असे मात्र कोणास सुचले नाही. वैद्यक ज्याला पुनर्वसन म्हणते त्याचा आरंभ नेमका या जागी होतो.

ही विद्या आपल्याकडे प्रथम सैनिकांसाठी आली. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी तांत्रिक शाळा निघाली. प्रथम मुंबईस, नंतर पुण्याजवळ खडकीस. निवृत्तिवेतनावर न थांबता शिपायाच्या हाती नवा धंदा द्यावयाचा, हा तिचा उद्देश होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. याच परंपरेतील एक नाव सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर यांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. सेनेतील हा मुष्टियोद्धा उपचाराचा भाग म्हणून पोहू लागला आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्याने सुवर्णपदक मिळविले. पदकाची वाहवा सर्वांनी केली. आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, पेटकरांनी पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. उपचाराने त्यांस पाण्यात उतरविले आणि पाण्याने पुन्हा कामावर पोहोचविले.

सैनिकांची ही सोय सामान्य नागरिकांच्या दारी आणण्याचे काम मुंबईस झाले, आणि त्यात एका विलक्षण बाईंचा वाटा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमलाबाई निंबकर झाल्या. फलटणचे कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, म्हणजे इरावतीबाई कर्वे यांचे जामात. कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. देशातील ही अशी पहिली शाळा. व्यवसायोपचार म्हणजे कामाच्याच द्वारे उपचार. बोट वळत नसेल तर नुसते दाबून वळवावयाचे नाही. विणकाम, सुतारकाम, कणीक मळणे, कुलूप उघडणे अशा कामांतून त्यास वळण लावावयाचे. पाठोपाठ १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अलीजवळ भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

आता पुन्हा इरुंगाट्टुकोट्टैच्या रस्त्यावर येऊ. तेथून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर वेल्लोर आहे. मराठी माणसास ते मराठ्यांच्या दीर्घ वेढ्यामुळे आणि किल्ल्यासमोरच्या साजरा-गोजरा या टेकड्यांमुळे ठाऊक असते. आजारी माणसास तेथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयामुळे. १९४६ मध्ये तेथे आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांचा जन्मही तमिळ मुलुखातील कोल्ली डोंगरातला. कुष्ठरोगाने आखडलेल्या हातांत चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून बसविण्याची शस्त्रक्रिया त्यांनी सिद्ध केली. परंतु कंडरा बसविला म्हणून बोट चालत नाही. जो स्नायू आजवर एक काम करीत होता त्यास दुसरे काम शिकवावे लागते, आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे व्यायाम लागतो. त्याहून मोठी अडचण पुढे आली. सरळ झालेले हात घेऊन रुग्ण गावी गेले आणि निराश होऊन परतले. वाकड्या हातावर भिक्षा पडत असे, ती बंद झाली. आणि त्या सरळ हातास काम देण्यास कोणी तयार नव्हते. तेव्हा ब्रँड यांनी रुग्णांसाठी नवजीवन केंद्र काढून त्यांस सुतारकामासारखे हातचे धंदे शिकविण्यास आरंभ केला.

त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या डॉ. मेरी वर्गीस. १९५४ मध्ये मोटारीच्या अपघातात त्यांचे कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. त्या चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ येथे व नंतर न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्यापाशी शिकून त्या वेल्लोरला परतल्या आणि तेथील पुनर्वसन विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९६६ मध्ये बागायम येथे रुग्णांस राहून उपचार घेता येतील अशी संस्था सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. पाठीचा कणा मोडलेल्या रुग्णास 'तुम्हांस जमेल' असे सांगणारा वैद्य स्वतःच खुर्चीतून येत असेल, तर त्या शब्दास निराळे वजन येते, हे सांगावयास नको.

आज ४८ क्रमांकाचा जो राष्ट्रीय महामार्ग इरुंगाट्टुकोट्टैवरून जातो, तो दिल्लीहून निघून जयपूर, मुंबई, पुणे, बेंगळूरु, वेल्लोर असा चेन्नईस येतो. जयपुरास १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यवैद्य प्रमोद करण सेठी यांनी उकिडवे बसता येईल व अनवाणी चालता येईल असा कृत्रिम पाय घडविला. त्याच वर्षी केंद्र सरकारने मुंबई व हैदराबाद येथे अपंगांच्या व्यवसाय-पुनर्वसनाची पहिली केंद्रे उघडली. पुढे चेन्नईतील गिंडी येथेही तसे केंद्र आले. म्हणजे या विद्येची मोठमोठी ठाणी बहुतेक एकाच रस्त्यावर आहेत, आणि इरुंगाट्टुकोट्टैही त्याच रस्त्यावर आहे.

असे असूनही रस्त्यावरील अंतर आणि कामगारास पडणारे अंतर एक नव्हे. समजा, ओडिशाहून आलेल्या पंचविशीतल्या कंत्राटी मजुराचा अंगठा गेला. जखम भरली, मंडळाने ३० टक्के ठरविले, मासिक लाभ सुरू झाला. कागद पुरे झाले. पण ज्या आठवड्यांत सूज उतरवावयाची, ताठरलेले सांधे मोकळे करावयाचे, कापलेल्या टोकाची अतिरिक्त हुळहुळ कापूस, तांदूळ, वाळू यांच्या स्पर्शाने हळूहळू घालवावयाची, त्याच आठवड्यांत तो गावाकडच्या गाडीत बसलेला असतो. हाताच्या एकंदर कार्यापैकी सुमारे ४० टक्के अंगठ्याकडे असते, असे हातांचे शल्यवैद्य मानतात. अपंगत्वाच्या सवलतींसाठी १९९५ च्या कायद्याने ४० टक्क्यांची मर्यादा घातली आणि २०१६ च्या कायद्याने तीच राखली. दोन्हीकडे मोजण्याची रीत निराळी आहे हे मान्य. तरी नुकसानभरपाईच्या ३० आणि सवलतीच्या ४० यांच्या मधल्या जागेत एक माणूस उभा असू शकतो, हे आकडे लिहिणाऱ्याने विसरू नये.

येथे शब्दाचाही थोडा दोष आहे. 'पुनर्वसन' म्हटले की आम्हां मराठी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोयनेचे धरणग्रस्त नाही तर पानशेतचे पूरग्रस्त येतात. कोणास तरी जागा देऊन पुन्हा वसवावयाचे. तमिळ बांधव याच अर्थी 'मरुवाळ्वु' म्हणतात. म्हणजे पुन्हा जगणे. जागा दिली, रक्कम दिली की वसविणे संपते. जगणे तेवढ्याने सुरू होत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावर अशी प्रकरणे येत असतील. नमुन्यात टक्क्यांचा रकाना असतो, रकमेचा असतो, तारखेचा असतो. त्यांच्या शेजारी, समासात का होईना, आणखी एक प्रश्न लिहावयास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही: यास हाताचा उपचार कोठे व किती दिवस मिळाला, आणि आता हा कोणते काम करू शकतो? उत्तर कोरे आले, तर वेल्लोर, गिंडी, हाजी अली यांचा पत्ता कळविण्यास एक कार्ड पुरते. सभासदाने जखमींस दिलेल्या होनांचा आकडा नोंदला म्हणून तो आज आपणांस ठाऊक आहे. ते जखमी वीर पुढे तलवार धरू शकले की नांगर, हे कोणी नोंदले नाही, म्हणून ते कोणास ठाऊक नाही. तीनशे वर्षांनंतरच्या दप्तरात तरी ही दुसरी नोंद असावी, एवढेच आमचे मागणे आहे.