शेष संघाचा फलंदाज

वाङ्मयेतिहास शिकवताना एक प्रश्न दरवर्षी आमच्यापुढे उभा राहतो. ज्या ग्रंथांना आपण महत्त्वाचे म्हणतो, ते महत्त्वाचे होते म्हणून यादीत आले, की यादीत आले म्हणून महत्त्वाचे ठरले? साहित्याच्या तासाला हा प्रश्न विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि पुढे सरकतात. क्रिकेटविषयी तोच प्रश्न विचारला की वर्ग जागा होतो. म्हणून या लेखात आम्ही क्रिकेटच्या इतिहासाकडे वळत आहोत.

जगातील सर्वश्रेष्ठ क्रिकेटपटूंची नावे काढताना आपण कसोटी सामन्यांची कोष्टके उघडतो. पण कसोटी म्हणजे काय, हे ठरवले कोणी? देशादेशांतला पहिला सामना अमेरिका आणि कॅनडा यांच्यात 1844 साली न्यूयॉर्कला झाला. तो कसोटीत धरत नाहीत. मेलबर्नच्या 1877 च्या सामन्यापासून कसोटीचा इतिहास सुरू होतो, परंतु त्या दिवशी मैदानात उतरलेल्या खेळाडूंना आपण 'पहिली कसोटी' खेळत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. अ‍ॅडलेडचे पत्रकार क्लॅरन्स मूडी यांनी 1894 मध्ये मागील सामन्यांची एक यादी केली. ती मान्य होत गेली आणि जुने सामने मागाहून कसोटी ठरले. पुढे 1909 मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी 'इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्स' स्थापन केली. त्या नावातले पहिले विशेषण पुरेसे बोलके आहे. हिंदुस्थानला तेथे 1926 मध्ये प्रवेश मिळाला आणि लॉर्ड्‌सवर 1932 साली पहिली कसोटी खेळता आली. 'आंतरराष्ट्रीय' हे बिरुद अशा रीतीने बहाल होत असे.

बिरुद मिळण्यापूर्वी जे खेळून गेले त्यांचे काय? पळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता त्यांची डावखुरी फिरकी घडली. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या पात्रात मिळे. त्यांच्या नावावर कसोटी एकही नाही. प्रा. दि. ब. देवधर हे पुण्यात संस्कृत शिकवणारे, म्हणजे आमच्याच व्यवसायातले. गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध 1926 मध्ये त्यांनी 148 धावा केल्या. ती कसोटी नव्हती. कसोटी आली तेव्हा प्राध्यापकमहाशय चाळिशीचे झाले होते.

आम्हांला अधिक थांबावेसे वाटते ते मात्र विजय हजारे यांच्यापाशी. याला थोडे प्रादेशिक ममत्वही कारणीभूत आहे, ते लपवत नाही. वाईच्या घाटांवरून पुढे जाणारी कृष्णा सांगलीला पोहोचते. आजचा सांगली जिल्हा 1960 पर्यंत 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जाई. त्या सांगलीत, संस्थानी काळात, 11 मार्च 1915 रोजी एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी हजारे जन्मले. ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याच्याकडून शिकण्याची संधी त्यांना लाभली. हजारे बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून उभे राहत. दिसायला ते अवघडल्यासारखे होते. ग्रिमेटने ती ढब बदलू दिली नाही. चांगला गुरू काय दुरुस्त करतो यापेक्षा काय दुरुस्त करत नाही, हे पाहावे.

त्यांचा सर्वांत मोठा डाव कसोटीच्या कोष्टकात नाही. मुंबईला तेव्हा पंचरंगी सामने होत. युरोपियन, हिंदू, मुसलमान, पारशी असे चार संघ आणि पाचवा 'द रेस्ट', म्हणजे शेष. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे ज्यांना उरलेल्या चारांत जागा नव्हती, त्यांचा तो संघ. समीक्षेत आपण हल्ली 'इतरेजन' या संकल्पनेचा बराच काथ्याकूट करतो. येथे धावफलकावर ती उघड रंगवलेली होती. गांधीजींनी 1940 मध्येच या जमातवार सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली होती, तरी प्रेक्षकांची गर्दी हटत नव्हती.

1943-44 च्या स्पर्धेत हजाऱ्यांनी मुसलमान संघाविरुद्ध 248 धावा करून विजय मर्चंट यांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद 250 धावा करून तो परत घेतला आणि हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. शेष संघ 133 धावांत गारद झाला. त्यांतल्या 59 हजाऱ्यांच्या. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात संघाच्या धावा झाल्या 387 आणि एकट्या हजाऱ्यांच्या 309. बंधू विवेक यांच्यासोबत त्यांची 300 धावांची भागी झाली, तीत विवेक यांचा वाटा 21 धावांचा. हे 21 आम्हांला 309 इतकेच मोलाचे वाटतात, कारण दुसऱ्या टोकाला कोणी उभेच राहिले नसते तर त्रिशतक कोठून होणार? सामना मात्र शेष संघाने एक डाव आणि 61 धावांनी गमावला. जमातींच्या नावाने लागलेल्या त्या झुंजीत मर्चंट आणि हजारे यांना दाद देणाऱ्यांनी जमात किती पाहिली असेल, असा विचार मनात येतो.

ऑगस्ट 1936 ते जून 1946 या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. त्यातला बराच काळ महायुद्धाचा होता. हजारे पहिल्या कसोटीला उतरले तेव्हा त्यांचे वय 31 होते. फलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे पंचरंगी आणि रणजी सामन्यांत गेली. 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्यासह चौथ्या गड्यासाठी 577 धावा जोडल्या. एकाच्या 288, दुसऱ्याच्या 319. हा जागतिक विक्रम 2006 पर्यंत टिकला. भागीदारी झाली ती 1947 च्या मार्चमध्ये. काही महिन्यांतच देशाची फाळणी झाली आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून खेळले.

कसोटीत हजाऱ्यांनी काय केले हे तुलनेने परिचित आहे. जानेवारी 1948 मध्ये अ‍ॅडलेडला त्यांनी 116 आणि 145 धावा केल्या. दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात त्यांनी ब्रॅडमनचा त्रिफळाही उडवला, अर्थात तोवर त्याच्या 201 धावा झाल्या होत्या. भारत तेथेही डावाने हरला. कर्णधार म्हणून फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला त्यांनी देशाला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. त्याच वर्षी लीड्‌सला दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना चार गडी बाद झाले होते. तेव्हा डाव सावरला तो हजारे (56) आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर (64) यांनी. 30 कसोटींत 2192 धावा, 7 शतके, सरासरी 47.65. प्रथम श्रेणीत मात्र 18,740 धावा आणि 60 शतके. या दोन आकड्यांमधले अंतर हाच त्यांचा खरा चरित्रग्रंथ आहे, असे आम्ही म्हणू.

कोल्हापूरच्याच भाऊसाहेब निंबाळकरांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध ते 443 धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा तत्कालीन जागतिक उच्चांक गाठायला नऊ धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी प्रतिस्पर्धी कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. भारतीय प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा आजही सर्वोच्च वैयक्तिक डाव. निंबाळकर 2012 पर्यंत हयात होते. अधिकृत कसोटी खेळण्याचा योग आला नाही.

आमच्या गावी मराठी विश्वकोशाचे काम चालत आले आहे. कोणत्या विषयाला किती ओळी द्यायच्या, कोणाची स्वतंत्र नोंद करायची आणि कोणाला दुसऱ्याच्या नोंदीत एका वाक्यात बसवायचे, याचा विचार संपादकाला रोज करावा लागतो. क्रिकेटच्या बाबतीत हे काम सरासऱ्यांवर सोपवून आपण मोकळे झालो. बाळू, देवधर, निंबाळकर यांची कसोटी सरासरी काढताच येत नाही, म्हणून ते पुस्तकाच्या प्रास्ताविकात किंवा तळटीपेत सापडतात.

हजारे 2004 च्या डिसेंबरात बडोद्यात वारले. त्यांच्या नावाने आज राष्ट्रीय पातळीवरचा करंडक आहे, तसा देवधरांच्या नावानेही 1973-74 पासून सुरू झाला. दोन्ही करंडक मर्यादित षटकांच्या सामन्यांचे आहेत. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना 1971 मध्ये झाला, तेव्हा हजारे 55 वर्षांचे होते आणि देवधर 78 वर्षांचे.