वजन नसलेला दगड

कोकणात पावसाळ्याआधी पत्र्याच्या छपरावर दगड ठेवतात. वारा घर पाडेल अशी भीती त्यामागे नसते. तो छप्पर उचलून नेईल, ही असते. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, आतल्या हवेचा तितका होत नाही, आणि पत्रा वर ओढला जातो. वेगाने धावणाऱ्या मोटारीची अवस्था याहून फार वेगळी नसते. फुगीर पाठ आणि सपाट पोट असा तिचा आकार बाजूने पाहिला, तर तो विमानाच्या पंखाच्या छेदाशी मिळताजुळता दिसतो. वेग वाढत जातो तशी ती हलकी होऊ लागते आणि चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते. स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या बाजूला जो उलटा पंख दिसतो, तो म्हणजे तिच्या छपरावरचा दगड. फरक एवढाच, की त्याला स्वतःचे वजन जवळजवळ नसते.

हा फरकच महत्त्वाचा आहे. डिकीत वाळूची पोती भरली तरी चाके रस्त्यावर अधिक दाबली जातील. पण मग वळताना आणि थांबताना त्या पोत्यांनाही वळवावे आणि थांबवावे लागेल. पंख चाकांवर दाब देतो, मात्र गाडीचे वस्तुमान वाढवत नाही. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला जेवढा असेल त्याच्या चौपट २०० ला. त्याची किंमत हवेच्या वाढत्या अडथळ्याने चुकवावी लागते.

मी अभियांत्रिकी शिकलेलो नाही. जुन्या शर्यतींची छायाचित्रे, वृत्तांत आणि तंत्रज्ञांच्या आठवणी वाचत गेली काही वर्षे हा इतिहास जुळवतो आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे : या पंखाची आजची जागा केवळ हवेने ठरवलेली नाही. एका अपघाताचा आणि त्यानंतर झालेल्या नियमांचा तिच्यात मोठा वाटा आहे.

उलट्या पंखाची कल्पना जुनी आहे. २३ मे १९२८ रोजी बर्लिनच्या आव्हुस मार्गावर फ्रिट्झ फॉन ओपेलने २४ अग्निबाण लावलेली गाडी ताशी २३८ किलोमीटरने पळवली. तिच्या दोन्ही बाजूंना आखूड पंख होते आणि ते गाडीला खाली दाबण्यासाठी होते. पण तो एका दिवसाचा चमत्कार ठरला.

खरी सुरुवात १९५६ ची. मायकेल मे नावाच्या विशीतल्या स्विस अभियंत्याने आपल्या पोर्शे ५५० वर, चालकाच्या डोक्याच्याही वर, एक मोठा उलटा पंख उभारला. पंखाचा कोन चालकाला बसल्या जागी बदलता येत असे. न्यूर्बुर्गरिंगच्या १००० किलोमीटर शर्यतीला तो ही गाडी घेऊन गेला. तपासनिसांनी पंख काढायला लावला. कारण असे दिले, की त्यामुळे मागच्या चालकांना पुढचे दिसणार नाही. मे पुढे इंजिनांकडे वळला. जॅग्वारच्या बारा सिलिंडरच्या इंजिनात १९८१ साली आलेली इंधन वाचवणारी ज्वलनरचना त्याचीच. पंखाच्या बाबतीत मात्र जगाची दहा वर्षे गेली.

ती कोंडी टेक्सासमध्ये फुटली. मिडलँड गावचा जिम हॉल स्वतः गाड्या बांधणारा आणि स्वतः चालवणारा. १९६६ च्या कॅन-ॲम मालिकेत त्याने चॅपरल २ई आणली. दोन उंच खांबांवर, गाडीच्या बऱ्याच वर, तिचा पंख होता. वर पंख ठेवण्याचे कारण सरळ आहे : तिथे गाडीने न ढवळलेली, स्वच्छ हवा मिळते. हॉलचे खरे शहाणपण मात्र खांबांच्या खालच्या टोकाशी होते. ते खांब गाडीच्या सांगाड्यावर टेकलेले नव्हते, थेट मागच्या चाकांच्या आधारांवर होते. पंखाचा दाब स्प्रिंगांना न दबवता सरळ चाकांत उतरत असे. शिवाय या गाडीला क्लच नव्हता, म्हणून डावा पाय मोकळा होता. सरळ रस्त्यावर त्या पायाने पेडल दाबले की पंख आडवा होई आणि हवेचा अडथळा कमी होई; वळणापूर्वी पाय उचलला की तो पुन्हा दाब देऊ लागे. ऑक्टोबर १९६६ मध्ये लगुना सेकाची शर्यत फिल हिलने याच गाडीवर जिंकली. पुढच्या वर्षी जुलैत तिच्या बहिणीने, चॅपरल २एफने, इंग्लंडमध्ये ब्रँड्‌स हॅच जिंकले.

मग सगळ्यांनाच पंख हवे झाले. १९६८ च्या उन्हाळ्यात ते फॉर्म्युला वनमध्ये आले आणि वर्षभरात उंचच उंच होत गेले. हॉलची कल्पना सगळ्यांनी घेतली, पण खांब मात्र अनेकांनी बारीक ठेवले. चाकाला बसणारा प्रत्येक धक्का त्या खांबांतून जाणार, हा हिशेब मागे पडला.

४ मे १९६९. बार्सिलोनाचे मोंझुइक. रस्त्यातल्या एका चढाच्या माथ्यावर ग्रॅहम हिलच्या लोटसचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. थोड्या फेऱ्यांनी त्याच जागी त्याचा सहकारी योखेन रिंट याच्या गाडीचाही पंख मोडला. त्याची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन उलटली. हिल बचावला, रिंटला रुग्णालयात न्यावे लागले. नंतर रिंटने जाहीर पत्र लिहून पंखांना विरोध केला. दोनच आठवड्यांनी मोनाकोत, सराव सुरू झालेला असताना, पंखांवर बंदी आली. पुढे परवानगी मिळाली ती अटींसह : पंख बुटका हवा, तो सांगाड्यालाच जोडलेला हवा, आणि तो हलता कामा नये.

जीव वाचवायचा तर काहीतरी करणे भागच होते, हे मला मान्य आहे. पण दोष खांबांच्या बळकटीत होता आणि बंदी जोडणीच्या तत्त्वावरही आली. सांगाड्यावर पंख बसवला की आधी स्प्रिंगा दबतात, म्हणून त्या कडक कराव्या लागतात, आणि कडक स्प्रिंगांवर चाक खड्ड्याखळग्यांत उडते. पंखाने दिलेल्या पकडीतला काही भाग असा परत जातो.

त्याच वर्षी स्पोर्ट्‌स कारमध्ये उलटा धडा मिळत होता. पोर्शे ९१७ कमालीची वेगवान आणि तितकीच अस्थिर होती. जूनमध्ये ल मांच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ तिच्यात मरण पावला. शरद ऋतूत ऑस्ट्रियातील चाचणीत जॉन हॉर्समन या इंग्रज अभियंत्याच्या लक्षात आले, की गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे चिरडलेली आहेत, शेपटीवर मात्र नाहीत. म्हणजे हवा शेपटीला शिवतच नव्हती. तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी वर उचलली आणि गाडी ताळ्यावर आली. पुढच्या वर्षी ९१७ ने ल मां जिंकले. ते निदान चिलटांनी केले होते.

रस्त्यावरच्या गाड्यांत हा धडा १९७२ च्या पोर्शे कॅरेरा आरएसच्या बदकशेपटीतून उतरला. शर्यतीच्या मान्यतेसाठी अशा ५०० गाड्या पुरेशा होत्या, बनल्या १५८०. बीएमडब्ल्यूच्या सीएसएलचा पंख जर्मनीत रस्त्यासाठी मान्य नव्हता, म्हणून तो डिकीत ठेवून विकला गेला. उलट १९९८ ची ऑडी टीटी सुबक, गुळगुळीत शेपटीसह आली. वेगात होणाऱ्या जीवघेण्या अपघातांनंतर तिला मागे छोटी पट्टी बसवावी लागली. सौंदर्यासाठी काढलेला दगड माणसे गेल्यावर छपरावर परत आला.

आपल्याकडे छोट्या गाड्यांवर हौसेने पंख बसवलेले दिसतात. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत, शहरातल्या वेगाला, त्यांचे काम नगण्य असते. आणि जिथे ते काम करतात तिथे इतिहास परत फिरलेला दिसतो. आजच्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसवर ताशी २०० किलोमीटरला ४०९ किलो, तर २८५ ला ८६० किलो दाब पडतो. तिचा पंख छपराहून उंच आहे, आणि स्टीअरिंगवरचे बटण दाबले की तो सरळ रस्त्यावर आडवा होतो. फॉर्म्युला वननेही २०११ पासून हलत्या फळीला परवानगी दिली. हॉलच्या डाव्या पायाखालचे पेडल असे पंचेचाळीस वर्षांनी परत आले. त्याचे खांब मात्र अजून चाकांवर परतलेले नाहीत.