पेक्स ब्लॉक
स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना कमी करण्यासाठी छातीच्या व काखेच्या नसा बधिर करण्याची पद्धत. राफाएल ब्लांको यांनी ती २०११ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी सुधारली.

त्याआधी भिस्त होती मणक्यालगतच्या पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकवर. त्याला आजही पहिली पसंती मिळते. पण सुई चुकली तर फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडण्याची धास्ती.

पेक्समध्ये भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत छातीच्या दोन स्नायूंमध्ये साधारण १० मिलि. आणि त्याखालच्या थरात, बरगडीजवळ, २० मिलि. औषध सोडतात. थर उकलताना पडद्यावर दिसतात. मॉर्फिनसारखी औषधे कमी लागतात. उरोस्थीकडचा भाग मात्र नीट बधिर होत नाही. तिथे वेगळा ब्लॉक द्यावा लागतो.

वेदना कमी करण्यापलीकडे पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकने कर्करोग उलटणेही टळेल, ही आशा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फोल ठरली.