नंदादेवी: जंगल राखलं कोणी आणि दार बंद झालं कोणाला?

आज आपण उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात जाणार आहोत. तिथे ७,८१६ मीटर उंचीचं नंदादेवी शिखर आहे. पूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेलं हे सर्वांत उंच शिखर. त्याच्याभोवती हिमशिखरांचं कडं आहे, अगदी किल्ल्याच्या तटासारखं. आतलं सगळं पाणी पश्चिमेला ऋषिगंगेच्या अरुंद घळीतून बाहेर पडतं.

ही घळ पार करून आतल्या खोऱ्यात पोचायला १९३४ साल उजाडावं लागलं. एरिक शिप्टन, बिल टिलमन आणि तीन शेर्पा तेव्हा आत शिरले. १९३६ मध्ये टिलमन आणि नोएल ओडेल शिखरावर पोचले. इतिहासात ही नावं ठळक आहेत. पण घळीच्या अलीकडच्या धरांसीसारख्या कुरणांवर लाता आणि रैणी या गावांतले भोटिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या नेत होते, हे आपण विसरतो.

१९६२ च्या युद्धानंतर या लोकांचा तिबेटशी चालणारा व्यापार थांबला. उरलं ते जंगल आणि कुरण. म्हणून २६ मार्च १९७४ ला ठेकेदाराची माणसं रैणीच्या जंगलात आली, तेव्हा गौरादेवी गावातल्या बायकांना घेऊन झाडांपुढे उभ्या राहिल्या. गावातले पुरुष त्या दिवशी जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेले होते. बायका हटल्या नाहीत आणि तोडणाऱ्यांना परत जावं लागलं. चिपको आंदोलनातला हा मोठा टप्पा.

त्याच सुमारास नंदादेवीवर गिर्यारोहकांची वर्दळ वाढली. गावकऱ्यांना हमालीचं काम मिळालं, पण डोंगरावर कचरा साचला, सरपणासाठी झुडपं तुटली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८३ पासून आत जायला बंदी आली. निसर्ग सावरला, हे खरंच. १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही नाव लागलं.

पण बंदी सगळ्यांना सारखीच लागू झाली. कचरा टाकून गेलेल्याला दुसरं शिखर होतं. मेंढपाळाला दुसरं कुरण नव्हतं. ज्यांनी झाडं वाचवली, त्यांचीच चराई आणि हमाली गेली. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी हक्कांसाठी ‘झपटो छीनो’ आंदोलन केलं. पुढे ठरावीक वाटांवर मर्यादित पर्यटनाला परवानगी मिळाली.

७ फेब्रुवारी २०२१ ला रौंथी शिखराचा हिमाच्छादित कडा कोसळला आणि ऋषिगंगेला महापूर आला. रैणीजवळचा वीजप्रकल्प वाहून गेला. डोंगराचा लाभ बंद झाला होता. डोंगराचा धोका मात्र त्याच गावाच्या दारात आला.

मंडळी, नंदादेवीला संरक्षण हवं होतं, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की तिचे राखणदार आधीपासून तिथे असताना त्यांना विचारलं का गेलं नाही? पुढच्या वेळी कुठल्याही अभयारण्याच्या फाटकापाशी थांबाल, तेव्हा शेजारच्या गावाचं नाव जरूर विचारा.