‘वाशिम’ची वेलांटी : अंध वाचक आणि संगणकावरील मराठी
वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून पृथक झाला. त्या काळी संगणकावर उमटणारी मराठी बहुतांशी डोळ्यांपुरतीच होती. रूढ फाँटांत आकृती देवनागरी असे; तिच्यामागे साठविलेला संकेत मात्र बहुधा रोमन वर्णाचा. शिवाय ‘वाशिम’ लिहिताना वेलांटी ‘श’च्या आधी साठविली जाई, कारण ती आधी दिसते. मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस आकृती दिसत नाही, ती संकेतच उच्चारते. त्यामुळे अंध वाचकाच्या कानी जिल्ह्याच्या नावाऐवजी निरर्थक वर्ण पडत. हा दोष यंत्राचा नव्हे, लेखनपद्धतीचा होय. नवल असे की, १९५१ च्या भारती ब्रेलमध्ये हा प्रश्न उद्भवतच नव्हता. तेथे ऱ्हस्व ‘इ’ उच्चारक्रमाने ‘श’नंतरच येते. १९९१ च्या युनिकोडानेही तोच क्रम स्वीकारला. पुढे मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये आरंभिलेली एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली मराठीही वाचू लागली. २०१६ च्या दिव्यांग अधिकार कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. परंतु जुन्या फाँटांतील दस्तऐवज कायद्याने बोलके होत नाहीत. त्यांचे रूपांतर करताना संकेत तर बदलावे लागतातच, पण ती वेलांटीही उचलून ‘श’नंतर ठेवावी लागते.